दोन खडेबाजार आणि एक कुंदा

बेळगावकराला पत्ता विचारा, तो थेट गल्ली सांगतो. चव्हाट गल्ली, पांगुळ गल्ली, नार्वेकर गल्ली, कडोलकर गल्ली, समादेवी गल्ली, रामदेव गल्ली. प्रत्येक गल्लीची पंच मंडळी वेगळी, मंडळ वेगळं, गणपती वेगळा. पोरगा पुण्याला नोकरीला लागून संसारात रमला तरी गल्लीच्या गणपतीची वर्गणी तो चुकवत नाही. गल्ल्या संपल्या की बोगारवेस लागते. पुढे सर्कल सुरू होतात, चन्नम्मा सर्कल, गोगटे सर्कल. आणि टिळकवाडीत शिरलात की पत्ते रेल्वेच्या फाटकांवरून: पहिलं गेट, दुसरं गेट, तिसरं गेट. पाहुण्याला स्टेशनवरून आणताना "दुसऱ्या गेटला अडकलोय" एवढा निरोप पुरतो. घरात चहाचं आधण जरा उशिरा चढतं.

रिक्षावाल्याला मात्र नुसतं 'खडेबाजार' सांगून भागत नाही. तो मान वळवून विचारणारच, "बेळगावचा का शहापूरचा?" कारण खडेबाजार दोन आहेत, आणि त्यामागे इतिहास आहे. आज बेळगावात पुरतं मिसळून गेलेलं शहापूर हे स्वातंत्र्यापर्यंत पटवर्धनांच्या सांगली संस्थानात होतं. बेळगाव इंग्रजांचं, शहापूर सांगलीकरांचं. चालत दहा मिनिटांवर दुसरं राज्य! १९४८ साली संस्थान विलीन झालं, नगरपालिका एक झाली, पण दोन बाजार राहिले.

एक शहर, रंगाचे दोन दिवस

रंगाचंही तसंच. बेळगाव शहर धुळवडीला रंगतं. शहापूर, वडगाव, खासबाग हा भाग त्या दिवशी शांत असतो. तिथले लोक रंगपंचमीची वाट बघतात, सांगली-कोल्हापूरकडे बघतात तशीच. मामाचं घर शहापुरात आणि स्वतःचं चव्हाट गल्लीत असेल, तर त्या पोराच्या नशिबी आठवड्यात दोनदा रंग. अशी पोरं या शहरात खूप आहेत आणि त्यांचा हेवा बाकीची पोरं उघडपणे करतात.

धुळवडीच्या दिवशी पांगुळ गल्लीत एक गोष्ट घडते, ती दुसरीकडे बघायला मिळणं अवघड. तिथे अश्वत्थाम्याचं मंदिर आहे. हो, महाभारतातला, कपाळावर जखम घेऊन फिरणारा तोच अश्वत्थामा. धुळवडीला भाविक या मंदिरापुढे रस्त्यावर लोटांगणं घालतात. वरून पाणी, खाली रंगाचा चिखल, दोन्ही बाजूंना माणसांची भिंत. नवस बोललेले लोक श्रद्धेनं येतात, आणि ज्याला सगळं जग शापित म्हणतं त्याच्यापुढे माथा टेकतात. मला या शहराची ही माया फार मोठी वाटते.

दिवाळी पाडव्याला मान म्हशींचा. गवळी बांधव म्हशींना धुऊन-पुसून शिंगं रंगवतात, गळ्यात कवड्या, कपाळाला मोरपिसं बांधतात आणि गल्लीतून पळवतात. पुढे मोटारसायकल, मागे नटलेली म्हैस, आणि दोन्हींच्या मागे ओरडणारी पोरं. शेजारच्या अंगणात त्याच वेळी मातीच्या किल्ल्यावर अळीव उगवून आलेलं असतं, बुरुजावर मावळे उभे असतात. वैशाखात शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक निघते ती रात्रभर चालते. शिवचरित्रातले प्रसंग जिवंत माणसं ट्रॅक्टर-ट्रॉलीवर उभी करतात, आणि अफजलखान झालेला तरुण पहाटे घरी जाऊन दाढी उतरवतो. नवरात्रात दुर्गामाता दौड: अंधारात उठून पांढरे कपडे, डोक्याला फेटा, अनवाणी पाय, आणि हजारोंच्या संख्येनं तरुण गल्लीगल्लीतून धावत असतात. ज्यांना शाळेसाठी आईला तीनदा हाक मारावी लागते, तीच पोरं त्या नऊ दिवसांत आईला उठवतात.

"मी येतो हं," ती म्हणाली

मुंबईची सून महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात आली की पहिला धक्का सासूच्या बोलण्याचा बसतो. सासूबाई पिशवी उचलून म्हणतात, "मी बाजाराला जातो." नणंद म्हणते, "मी जेवलो." कोल्हापूर, निपाणी, बेळगाव या पट्ट्यात बायका सर्रास असंच बोलतात. वर्षभरात सूनही बोलायला लागते आणि माहेरी गेल्यावर भाऊ हसतात.

'पण'च्या जागी इथे 'खरं' येतं: "आलो असतो, खरं पाऊस लागला." हरवलेली वस्तू शोधायची नसते, हुडकायची असते. आग्रह 'की' लावून होतो, "बसा की वो काकू, चहा घ्या की." त्या 'की'ला आणि 'वो'ला नाही म्हणणं कुणाला जमत नाही, असा माझा अनुभव आहे. मोठ्या भावाला अण्णा, बहिणीला अक्का, वडिलांना अप्पा. हाक मराठी घरातली की कन्नड घरातली, हे दाराबाहेरून ओळखता येत नाही.

भाषाशास्त्रज्ञांना या मिसळणीचं मोठं अप्रूप. सांगलीजवळच्या कुपवाड गावात जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी अभ्यास केला आणि १९७१ साली तो छापला. गावात मराठी, कन्नड, उर्दू बोलणारी घरं पिढ्यान्‌पिढ्या शेजारी. शब्द ज्याचे त्याचे राहिले, पण वाक्याची बांधणी इतकी एकसारखी झाली होती की एका भाषेतलं वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसरीत नेता यावं. जगभरच्या विद्यापीठांत हा अभ्यास आजही शिकवला जातो. निपाणीच्या बाजारात भाजीवाली एकाच दमात तीन गिऱ्हाइकांशी तीन भाषांत भाव करते, तिच्यासाठी ही रोजची गोष्ट.

पु. ल. देशपांडे बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात काही काळ प्राध्यापक होते. 'गणगोत'मधले रावसाहेब, म्हणजे कृष्णराव हरिहर, त्यांना इथेच भेटले. त्या लेखामुळे बेळगावची कानडी वळणाची मराठी महाराष्ट्राच्या घराघरात पोचली. बाहेरच्यांना ती ऐकून हसू येतं, बेळगावकराला गलबलून येतं, कारण तसे काका प्रत्येकाच्या ओळखीत एक तरी असतातच. प्रकाश संतांच्या 'वनवास', 'शारदा संगीत', 'पंखा', 'झुंबर' या पुस्तकांतला लंपन हा मुलगा याच मातीतला. त्याचं 'मॅडसारखं' हे पालुपद महाराष्ट्रातल्या वाचकांनी उचललं. संतांच्या आई, कवयित्री इंदिरा संत, यांचं बालपण निपाणीजवळच्या तवंदी गावातलं आणि पुढचं आयुष्य बेळगावातलं. तवंदीचा घाट चढताना महामार्गावरच्या ट्रकांच्या रांगेतसुद्धा मला त्यांची आठवण येते.

कुंदा, मांडे आणि रताळी

बेळगावहून निघालेल्या माणसाच्या हातात कुंद्याचं खोकं नसेल तर तो घाईत निघाला असं समजावं. कुंदा म्हणजे दूध आटवून, साखर घालून, ती करपण्याच्या अलीकडे आणून केलेला तपकिरी, रवाळ गोड पदार्थ. एका मिठाईवाल्याचं दूध चुलीवर जास्त वेळ राहिलं आणि त्यातून हा पदार्थ सापडला, अशी गोष्ट शहरात सांगतात. आता दुकानादुकानातला कुंदा वेगळा. कुणाचा जरा ओलसर, कुणाचा दाणेदार, आणि आपलं दुकान सोडून दुसऱ्याचा कुंदा आणणाऱ्या पाहुण्याला इथे लोक चटकन माफ करत नाहीत.

खरी कारागिरी मात्र मांड्यांची. कणकेचा गोळा दोन्ही हातांच्या कोपरापर्यंत झुलवत ताणायचा, मलमलीसारखा पातळ झाला की पालथ्या घातलेल्या तापलेल्या कढईवर अलगद टाकायचा. वर पिठीसाखर, खसखस, तूप. मग चटचट घड्या घालून चौकोनी पुडकं करायचं. क्षणभर उशीर झाला तर फाटतं किंवा कडक होतं. लेकीच्या लग्नात मांडे हवेतच, म्हणून ते करणाऱ्या बायकांकडे लग्नसराईच्या आधीच नंबर लावावा लागतो. ही कला येणारे हात कमी होत चाललेत, आणि बेळगावकरांनी ही काळजी मनावर घ्यायला हवी.

येळ्ळूर, शहापूर, वडगाव या भागात पिकणारा बेळगाव बासमती शिजत असला की गल्लीच्या तोंडाशी वास यायचा. त्याची शेतं आता घटलीत. संकेश्वरी मिरचीचा खर्डा, शेंगांची चटणी, आणि ताटात भात-भाकरी दोन्ही, हा रोजचा बेत. उपवासाच्या दिवसांत महाराष्ट्रभरच्या मंडईत जी लालबुंद रताळी येतात त्यातली पुष्कळशी बेळगावची असतात, आणि गोव्याच्या बाजारातली भाजी तर रोज पहाटे बेळगावहून चोर्ला घाट उतरून जाते. घाट बंद झाला की पणजीत कोथिंबिरीचा भाव चढतो. परतीच्या गाडीला मासळी, हे ओघानंच आलं.

कॉलेज त्या राज्यात, घर या राज्यात

आता निपाणीकडे वळू. निपाणी गाव कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यात. निपाणीचं देवचंद कॉलेज मात्र महाराष्ट्रात! गावाला लागूनच असलेल्या अर्जुननगरात ते उभं आहे, तालुका कागल, जिल्हा कोल्हापूर, विद्यापीठ शिवाजी. निपाणीची पोरं रोज राज्य ओलांडून तासाला बसतात आणि दुपारी जेवायला परत कर्नाटकात येतात. कोल्हापूर इथून चाळीसेक किलोमीटर, जिल्ह्याचं ठिकाण बेळगाव मात्र पंचाहत्तरेक. म्हणून सातबाऱ्याचं काम बेळगावला, लग्नाचा बस्ता आणि अंबाबाईचं दर्शन कोल्हापूरला.

तिकडे चंदगड तालुक्याचं उलटं. तालुका महाराष्ट्रात, पण कोल्हापूर शंभर किलोमीटरच्या पलीकडे आणि बेळगाव हाकेवर. दवाखाना, सोनार, पोरीचं कॉलेज, सगळं बेळगावला. शिनोळी ओलांडली की राज्य बदलतं, बोलणं बदलत नाही. पेट्रोल बहुतेक वेळा कर्नाटकात स्वस्त, म्हणून कोल्हापूरच्या गाड्या टाकी निपाणीत भरतात. कुठे तणाव झाला की दोन्ही राज्यांच्या एसट्या कोगनोळीपाशी थांबतात, माणसं सामान डोक्यावर घेऊन पायी सीमा ओलांडतात आणि पलीकडची गाडी पकडतात. सीमाभागात सोयरिकी राज्य बघून होत नाहीत, त्यामुळे त्या गर्दीत नातवंडं बघायला निघालेली आजी असतेच.

आयर्लंडच्या माणसाला हे सीमेवरचं जगणं समजावून सांगावं लागणार नाही. १९२१ साली त्या बेटाची फाळणी झाली तेव्हा रेषा शेतांतून, रस्त्यांतून, वस्त्यांतून गेली. गोठा एकीकडे, कुरण दुसरीकडे अशी शेतकरी घरं तिथे आजही आहेत.

आमची रेषा १ नोव्हेंबर १९५६ ची. मुंबई राज्यातला बेळगाव जिल्हा त्या दिवशी म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला. तेव्हापासून एक नोव्हेंबरला शहरात दोन गोष्टी एकाच दिवशी होतात: कर्नाटक राज्योत्सवाची वाजतगाजत मिरवणूक आणि महाराष्ट्रात जाण्याची मागणी करणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीची काळ्या दिनाची सायकल फेरी. सरकारी कागदावर २०१४ साली, तेही एक नोव्हेंबरलाच, बेळगावचं बेळगावी झालं. या सीमेबद्दलचा महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. आणि रोजच्या दिवशी मराठी दुकानदार कन्नड गिऱ्हाइकाला कन्नडमध्ये माल दाखवतो, कन्नड शिक्षक मराठी शेजाऱ्याच्या गणपतीला आरती म्हणतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि एकीसाठी दुसरी लपवणं मला पटत नाही.

डब्लिन पेटलं होतं त्याच आठवड्यात

आयर्लंडचा विषय निघालाच आहे तर एक योगायोग. होमरूल हा शब्द आणि ती कल्पना आयर्लंडच्या लढ्यातून आली. लोकमान्य टिळकांनी आपली होमरूल लीग स्थापन केली ती पुण्यात नव्हे, बेळगावात, प्रांतिक परिषदेच्या वेळी, २८ एप्रिल १९१६ रोजी. अध्यक्ष जोसेफ बॅप्टिस्टा. आणि डब्लिनमधला ब्रिटिशांविरुद्धचा ईस्टरचा उठाव चालू होता २४ ते २९ एप्रिल १९१६! इकडे बेळगावच्या मांडवात ठराव होत होता, तिकडे डब्लिनच्या रस्त्यांवर गोळ्या चालत होत्या.

महात्मा गांधी काँग्रेसच्या अधिवेशनाचे अध्यक्ष आयुष्यात एकदाच झाले, डिसेंबर १९२४ मध्ये, आणि तेही बेळगावात. त्या अधिवेशनासाठी खोदलेली विहीर आजही आहे, बाजूच्या रस्त्याला काँग्रेस रोडच म्हणतात. स्वागतगीत म्हणणाऱ्या मुलींत एक अकरा वर्षांची मुलगी होती. पुढे तिला देशानं गंगूबाई हंगल म्हणून ओळखलं. त्याच वर्षी, आठ महिने आधी, जिल्ह्यातल्या सुळेभावी गावात शिवपुत्र कोमकाळीमठ जन्मला होता. तेच कुमार गंधर्व.

विवेकानंद शिकागोला जाण्याच्या आदल्या वर्षी, ऑक्टोबर १८९२ मध्ये, बेळगावात आले आणि भाटे यांच्या घरी उतरले. जेवणानंतर संन्याशानं पान-सुपारी मागितली, मग खायला तंबाखू मागितला, आणि घरची मंडळी चकित झाली, ही आठवण भाट्यांच्या मुलानं लिहून ठेवली आहे. पुढे ते हरिपद मित्र यांच्याकडे किल्ल्यात राहिले. त्या किल्ल्याच्या तटाआत १२०४ सालची कमल बस्ती, सफा मशीद आणि रामकृष्ण मिशनचा आश्रम आहे, तर दाराशी दुर्गादेवी उभी.

१८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलचं दुकान काढलं. पुढे लोखंडी नांगर केले. नगरपालिकेच्या नव्या वसाहतीत कारखान्याची जागा गेली, आणि १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली. बेळगावकर ही हळहळ अजून सांगतात.

तंबाखूची वखार

निपाणीत पाऊल टाकलं की नाकाला पहिली ओळख पटते. विडीचा तंबाखू हा इथला मुख्य व्यापार. वखारीत बायका दिवसभर तंबाखू चाळायच्या, झोडायच्या, निवडायच्या. धुळीनं श्वास कोंडायचा. त्यांनी संघटना केली, मालकांपुढे उभ्या राहिल्या, आणि 'युगांतर' या स्त्रियांच्या चित्रपट गटानं १९८२ साली त्यांच्यावर 'तंबाखू चाकिला ऊब आली' हा माहितीपट केला. आज तो जगभरच्या महोत्सवांत दाखवतात. १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी शेतकरी नेते शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी बैलगाड्या घेऊन महामार्गावर येऊन बसले, तीन आठवडे हलले नाहीत. सहा एप्रिलला गोळीबार झाला, बारा शेतकरी गेले. निपाणीच्या गमती सांगताना या शेतकऱ्यांची आठवण आदरानं यायलाच हवी.

गावात साहित्य संमेलन, आणि मग यात्रा

आता माझ्या सर्वांत जवळची गोष्ट. मराठी साहित्य संमेलन म्हटलं की मोठं शहर डोळ्यांपुढे येतं. बेळगाव तालुक्यात ते गावात भरतं. कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा, कुद्रेमनी, बेळगुंदी: हिवाळ्यातल्या रविवारी एकेका गावाचं संमेलन, दरवर्षी, गावकऱ्यांच्या वर्गणीवर. सकाळी ग्रंथदिंडी निघते. पालखीत ज्ञानेश्वरी आणि गाथा, पुढे लेझीम, टाळ-मृदंग, कलश घेतलेल्या बायका, दारादारात रांगोळी. अध्यक्ष पुण्या-मुंबईहून आलेले असतात आणि समोर बसलेली मंडळी बघून अनेकदा त्यांना शब्द सुचत नाहीत, कारण पहिल्या रांगेत भाताची मळणी उरकून आलेले शेतकरी असतात. दुपारी सगळ्या श्रोत्यांना जेवण. जेवणानंतर कथाकथन, मग कविसंमेलन, आणि मांडव संध्याकाळपर्यंत भरलेला. जिथे मराठी शाळा टिकवायला झगडावं लागतं, तिथे लोक पदरमोड करून कविता ऐकतात. १९४६ साली बेळगावच्या अखिल भारतीय संमेलनात, ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष असताना, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला होता. शहरातलं सार्वजनिक वाचनालय १८४८ चं, बाबूराव ठाकूरांचा 'तरुण भारत' १९१९ चा. वाचनाची ही सवय खूप जुनी आहे.

याच गावांत लक्ष्मी यात्रा भरते, पण ती दरवर्षी नाही. कुठे पाच वर्षांनी, कुठे बारा, कुठे पंचवीस वर्षांनी. महालक्ष्मीचं लग्न लागतं, अक्षता पडतात, देवी रथात बसून गावभर फिरते. वर्षभर आधीपासून घरं रंगतात, कौलं बदलतात, कुणी यात्रेसाठी म्हणून आख्खी माडी चढवतं. पाहुण्यांना सीमा नसते: सोयरे, सोयऱ्यांचे सोयरे, मुलाच्या कंपनीतले मित्र, वाटेत भेटलेला माणूससुद्धा जेवून जातो. एका घरी शे-दोनशे पानं उठणं नवलाचं नाही. पंचवीस वर्षांनी भरणाऱ्या यात्रेत बाळ असलेली पोर पुढच्या यात्रेला स्वतःचं बाळ कडेवर घेऊन माहेरी येते. पंच मंडळींनी तारीख धरली की पुणे, मुंबई, गोवा, बेंगळुरूला फोन जातात, आणि तिकडचे लोक दिवाळीची रजा वाचवून ठेवायला लागतात.